नंबर, नोंद आणि माणूस : ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ रिव्हॉल्व्हरचं मूळ कसं शोधावं

१९३५ साल. मंदीने अमेरिकेचं कंबरडं मोडलेलं होतं, आणि अशा दिवसांत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने ६० डॉलर किमतीचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. काडतूस नवं, .३५७ मॅग्नम. ते झेपावं म्हणून साचा, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा, मोठा, कंपनी ज्याला ‘एन’ साचा म्हणते तो. नळी किती लांब हवी ते गिऱ्हाइकाने सांगायचं: साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव-पाव इंचाच्या फरकाने. पुढचं साइट (नेम धरायची खूण) कोणतं, मागचं कोणतं, मूठ कशी, कोणत्या काडतुसावर आणि किती अंतरावर नेम जुळवून द्यायचा, हेही त्यानेच ठरवायचं. शिंप्याला माप देऊन कोट शिवून घ्यावा, तसा हा प्रकार.

प्रत्येक रिव्हॉल्व्हरला नेहमीच्या सिरियल नंबरशिवाय आणखी एक नोंदणी क्रमांक मिळायचा. मालकाने सोबतचा अर्ज भरून कारखान्याला परत पाठवला, की त्याच्या नावाचं प्रमाणपत्र यायचं. म्हणून नाव ‘रजिस्टर्ड मॅग्नम’. पहिलं १९३५ मध्ये जे. एडगर हूव्हर यांना दिलं गेलं, पुढे एफबीआय म्हणून ओळखल्या गेलेल्या खात्याचे ते प्रमुख. १९३९ च्या सुमारास नोंदणी बंद झाली, तोवर सुमारे साडेपाच हजार तयार झाली होती. माप घेऊन बनवल्यामुळे दोन रिव्हॉल्व्हर अगदी सारखी सापडणं कठीण, आणि प्रत्येकाची नोंद कुठे ना कुठे असणारच. मूळ शोधण्याची कला शिकायची असेल तर याहून चांगलं शस्त्र मला माहीत नाही. ज्याला ही वाट कळली त्याला मर्यादित संख्येत बनलेल्या इतर रिव्हॉल्व्हरांचीही कळते. त्यांच्याकडे शेवटी येतो.

मी कनेटिकट नदीच्या खोऱ्यात, हार्टफर्ड आणि स्प्रिंगफील्डच्या मधल्या पट्ट्यात राहतो. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन हे दोन्ही कारखाने इथे एकमेकांपासून चाळीसेक किलोमीटरवर वाढले. काही वर्षांपूर्वी मी एक रजिस्टर्ड मॅग्नम घेतलं. ‘हे एफबीआयच्या माणसाचं आहे’, असं विकणारा छातीठोक सांगत होता. त्या एका वाक्याचा माग काढताना जे शिकलो ते इथे लिहितो आहे.

वहीचे तीन रकाने

सुरुवात एका साध्या वहीपासून करा आणि पान तीन रकान्यांत विभागा. पहिल्यात धातू काय सांगतो ते, दुसऱ्यात कागद काय सांगतो ते, तिसऱ्यात माणसं काय सांगतात ते. एका रकान्यातली गोष्ट दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही. सगळ्या शोधाचा पाया एवढाच आहे, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरं जमवली, कारण बखरकार जे सांगतो ते त्या काळच्या अस्सल कागदाशी ताडून बघायचं होतं. विकणाऱ्याची गोष्ट म्हणजे बखर. ती फेकून द्यायची नाही. तिच्यात कधीकधी खरं नाव, खरं गाव दडलेलं असतं. पण तिला तिसऱ्या रकान्यातच बसवायचं.

क्रमही महत्त्वाचा. आधी धातू, मग कागद, शेवटी गोष्ट. गोष्ट आधी ऐकली की डोळे तिचाच पुरावा शोधू लागतात. माझं तसंच झालं होतं. मुठीवरच्या एका ओरखड्यात मला सरकारी वापराची खूण दिसायला लागली होती, आणि ती काढून टाकायला पुढे बरेच महिने गेले.

हात लावण्याआधी

सिलिंडर उघडा. सहाही कोठ्या डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, मगच पुढचं. दुसऱ्या कोणी दाखवायला दिलं तरी आणि पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच तपासलं असलं तरी हे पुन्हा करा.

अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुनं मूळ स्थितीतलं शस्त्र संघीय कायद्यात ‘क्युरिओ’ म्हणून गणलं जातं आणि संग्राहकांसाठी वेगळा परवाना मिळतो. राज्याचे नियम त्याशिवाय असतात, ते आपले आपण वाचावेत. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. आजोबांचं रिव्हॉल्व्हर कपाटात सापडलं तर अभ्यासाआधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयाचा परवाना विभाग गाठायचा. २०१६ च्या नियमांत वारसासाठी स्वतंत्र तरतूद आहे. आणि दोन्ही देशांत एक गोष्ट सारखी: ओळखीचा नंबर खरवडलेलं किंवा बदललेलं शस्त्र बाळगणं गुन्हा आहे. गंज काढायच्या नादात नंबरावर पॉलिश पेपर फिरवू नका.

धातू वाचणं

लागणारी साधनं: दहापट भिंग, छोटा टॉर्च, व्हर्निअर कॅलिपर, मुठीच्या लाकडी फळीच्या स्क्रूत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर आणि कॅमेरा. स्क्रूड्रायव्हर सैल असेल तर स्क्रूच्या खाचेचे कान मोडतात, आणि मोडलेले कान पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ‘हे कोणीतरी उघडलंय’ असं सांगत राहतात.

युद्धापूर्वीच्या या रिव्हॉल्व्हरवर सिरियल नंबर सहा जागी शोधायचा. मुठीच्या तळाला. सिलिंडरच्या मागच्या तोंडावर. नळीच्या खालच्या बाजूला, इजेक्टर रॉड (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी दांडी) जिथे बसतो त्या सपाट भागावर. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी काडतुसं उचलणाऱ्या भागाच्या, चांदणीच्या पाठीवर. योकवर, म्हणजे सिलिंडर ज्या बाहूवर बाहेर झुलतो त्यावर. हा नंबर कोठीतून टॉर्च मारल्यावर दिसतो. आणि सहावी जागा उजव्या लाकडी फळीची आतली बाजू. सहाही नंबर जुळले की सगळे भाग एकाच जन्माचे. एखादा जुळला नाही तर घाबरू नका, तो भाग केव्हातरी बदलला आहे एवढंच लिहा. का बदलला याचा विचार पुढे.

फळी काढताना चाकूने उचकटायची नाही. स्क्रू थोडा सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही, आणि त्याचं डोकं हलकेच आत दाबायचं. समोरची फळी आपोआप सुटते. आतल्या नंबराला ब्रश, तेल काहीही लावू नका. नव्वद वर्षं टिकलेला आकडा एका चिंधीने जाऊ शकतो. आधी फोटो.

आता योक आणि साचा जिथे भेटतात ती खाच बघा. ‘आरईजी’ ही अक्षरं आणि पुढे आकडा दिसला, तर तो नोंदणी क्रमांक. इथे नवशिके हमखास घसरतात. त्याच भागात आणखी एक आकडा असतो, तो जोडणीचा. कारखान्यात साचा, योक आणि बाजूची तबकडी एकत्र घासून बसवायचे. ते भाग हरवू नयेत म्हणून ही तात्पुरती खूण. तिला सिरियल नंबर समजून लोक कारखान्याला पत्र लिहितात आणि ‘असा नंबर या मॉडेलमध्ये नाही’ असं उत्तर आल्यावर हवालदिल होतात. खरा नंबर नेहमी मुठीच्या तळावरून घ्यावा.

आकडा कुठल्या पट्ट्यात बसतो तेही बघा. युद्धापूर्वीच्या मॅग्नमचे नंबर साधारण ४५,७०० पासून ६२,५०० पर्यंतच्या पट्ट्यात येतात, आणि हा पट्टा मोठ्या साच्याच्या इतर मॉडेलांनीही वापरला आहे. आकड्याआधी ‘एस’ अक्षर असेल तर रिव्हॉल्व्हर दुसऱ्या महायुद्धानंतरचं. साच्यावर ‘मॉड २७’ असा छाप असेल तर १९५७ नंतरचं, कारण मॉडेलला क्रमांक द्यायची पद्धत त्या वर्षी सुरू झाली. बाजूला चार ओळींचा पत्ता कोरलेला असेल तर तोही युद्धानंतरचा; आधी फक्त ‘मेड इन यूएसए’ ही एकच ओळ असायची. १९३६ चं म्हणून दाखवलेल्या रिव्हॉल्व्हरवर चार ओळी दिसल्या, तर बाकी काही तपासायची गरज नाही.

नळीची लांबी मोजताना सिलिंडर धरायचा नाही. सिलिंडरच्या पुढच्या तोंडालगत नळी जिथे सुरू होते तिथून टोकापर्यंत मोजायचं. इथे पाव इंचही महत्त्वाचा. पाव-पाव इंचाच्या बावीस लांब्या होतात, आणि आठ पूर्णांक तीन अष्टमांश इंच ही तेविसावी. ही विचित्र लांबी आली ती नेमबाजीच्या नियमामुळे: स्पर्धेत दोन साइटांमधलं अंतर दहा इंचांहून जास्त चालत नसे, आणि पावणेनऊ इंचांची नळी त्या मर्यादेबाहेर जात होती. तुमच्याकडे यांपैकी एखादी असेल तर पहिला मालक कागदी लक्ष्यावर नेम धरणारा असण्याची शक्यता वाढते. साडेतीन इंची असेल तर कमरेला लावून फिरणारा. शक्यता, बरं का. पहिल्या रकान्यात फक्त इंच लिहायचे.

पुन्हा मुलामा चढवला आहे का, हा पुढचा प्रश्न, आणि यावर वेळ घालवावा. रंग नवा दिसतो की जुना, यावर जाऊ नका. कडा बघा. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या शस्त्राच्या धारदार कडा गोलावतात, स्क्रूची भोकं बशीसारखी खोलगट होतात, कोरलेली अक्षरं एका बाजूला उथळ होतात. मग घोडा आणि चाप बघा. कारखान्यातून ते रंगीत यायचे, पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा तशा निळ्या-तपकिरी छटांचे. तेही नळीसारखे काळे-निळे किंवा निकेलचे दिसत असतील, तर मुलामा कारखान्याबाहेर झाला आहे हे जवळपास पक्कं.

कारखान्यातच परत गेलं असेल तर खुणा वेगळ्या असतात. मुठीच्या तळाला नंबराजवळ छोटी चांदणी, आणि फळीखालच्या पोलादावर महिना-वर्षाचे बारीक आकडे. चांदणी बघून काही संग्राहक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. त्या तारखेला हे शस्त्र पुन्हा स्प्रिंगफील्डला होतं, म्हणजे तेव्हा त्याला जपणारा कोणी मालक होता. शोधणाऱ्याला आणखी एक दुवा मिळतो.

फोटो तिरप्या उजेडात काढा. फ्लॅशने अक्षरं पुसट होतात. खिडकीजवळ, प्रकाश एका कडेने येऊ देऊन काढलेला फोटो भिंगापेक्षाही जास्त दाखवतो.

खोका, प्रमाणपत्र आणि चिठ्ठ्या

रिव्हॉल्व्हरसोबत आलेला प्रत्येक कपटा ठेवा. खोक्याच्या तळाला मेणाच्या पेन्सिलीने लिहिलेला नंबर असू शकतो. तो शस्त्राशी जुळतो का बघा. जुळला नाही तर खोका दुसऱ्याचा. सुटे खोके विकले जातात आणि एकत्र जमवून ‘मूळ संच’ म्हणून खपवलेही जातात.

नोंदणीचं प्रमाणपत्र सापडलं तर त्यावर मालकाचं नाव आणि शस्त्राचा तपशील असतो. शस्त्राशी ताडायचं ते नोंदणी क्रमांकाने आणि सिरियल नंबराने. नळीची लांबी मिळाली म्हणून समाधान मानू नका. तेवढ्याच लांबीची इतरही होती. प्रमाणपत्र नसेल तरी हरकत नाही. कित्येक मालकांनी तो अर्ज परत पाठवलाच नाही. १९४१ पर्यंत हेच रिव्हॉल्व्हर नोंदणीशिवायही बनत होतं, त्यामुळे योकच्या खाचेत ‘आरईजी’ नसलेलं युद्धपूर्व मॅग्नम खोटं ठरत नाही. ते रजिस्टर्ड नाही, इतकंच.

चामड्याच्या म्यानावर बनवणाऱ्याचा छाप आणि गाव असतं. त्याची नोंद दुसऱ्या रकान्यात करा आणि शेजारी प्रश्नचिन्ह लावा, कारण म्यान कधीही बदलता येतं.

कारखान्याचं पत्र

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेल्या माणसाला तीर्थोपाध्यायाची वही माहीत असते. गाव आणि आडनाव सांगितलं की कापडात बांधलेलं बाड उघडतं आणि पणजोबांची सही समोर येते. स्मिथ अँड वेसनची रवानगीची दप्तरं म्हणजे तसंच बाड. आडनावाच्या जागी सिरियल नंबर सांगायचा. कंपनीच्या इतिहासाचं काम बघणारी स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन शुल्क घेऊन नोंद शोधते आणि पत्र देते. संग्राहक त्याला नुसतं ‘पत्र’ म्हणतात. ‘पत्र आलं का?’ एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं.

अर्जात सिरियल नंबर, काडतुसाचं नाव, नळीची लांबी, मुलामा, मुठीचा प्रकार आणि दोन्ही बाजूंचे फोटो द्यायचे. योकच्या खाचेचा आणि मुठीच्या तळाचा जवळून घेतलेला फोटो जोडाच, म्हणजे आकडा वाचण्यात झालेली चूक तिथेच पकडली जाते. तुम्ही ऐकलेली गोष्ट अर्जात लिहू नका. शोधणाऱ्याला कोरं ठेवलं तर उत्तर स्वच्छ येतं.

पत्रात साधारण असं मिळतं: रवानगीची तारीख, कोणाला पाठवलं, आणि त्या दिवशी नळी, मुलामा व मूठ कशी होती. रजिस्टर्ड मॅग्नमच्या बाबतीत नोंदणी क्रमांक, आणि अर्ज परत आला असेल तर मालकाचं नाव. ते वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. तारीख रवानगीची असते, तयार झाल्याची नाही. साचा नंबर पडून कितीतरी दिवस कपाटात राहिलेला असू शकतो. नंबर क्रमाने बाहेर पडले नाहीत, त्यामुळे आपल्याआधीचा आणि नंतरचा नंबर कळला म्हणून आपली तारीख मधली, हे गणित चालत नाही. ‘कोणाला’ याचं उत्तर बहुतेक वेळा दुकान किंवा घाऊक विक्रेता असतो. कधी एखादं पोलीस खातं असतं. कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी ही रिव्हॉल्व्हर खरेदी केली होती.

पत्र आणि शस्त्र जुळत नसेल तेव्हा पहिला रकाना कामी येतो. समजा पत्रात साडेसहा इंची नळी आहे आणि हातात पाच इंची. नळीच्या पोटाखालचा नंबर बघा. तो जुळत असेल तर नळी कापली आहे, मग पुढच्या साइटची जोडणी भिंगाखाली धरा. नंबरच नसेल किंवा वेगळा असेल तर नळी बदलली आहे. सोबत चांदणी आणि तारीख असेल तर बदल बहुधा कारखान्यातला. तसं असेल तर फाउंडेशनला पुन्हा लिहा. कंपनीचा जुना पत्रव्यवहारही जपला गेला आहे आणि दुरुस्तीची चिठ्ठी त्यात निघू शकते.

माझ्या रिव्हॉल्व्हरचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी ते दारातच उभा राहून वाचलं. एफबीआय नव्हती, वॉशिंग्टन नव्हतं. १९३७ सालची रवानगी, मध्य-पश्चिमेतल्या एका छोट्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाला. नोंदणीचा अर्ज परत आला नव्हता. मन थोडं खट्टू झालं, हे खरं आहे. मग नकाशात ते गाव शोधलं आणि रात्री उशिरापर्यंत तिथेच रमलो.

दुकानापासून माणसापर्यंत

इथून पुढचं काम शस्त्रांचं कमी आणि वंशावळीचं जास्त. अमेरिकेची जनगणना बहात्तर वर्षांनी खुली होते. १९४० ची २०१२ मध्ये झाली, १९५० ची १ एप्रिल २०२२ ला. १९३५ ते १९३९ मध्ये रिव्हॉल्व्हर घेतलेला माणूस बहुतेक १९४० च्या यादीत भेटतोच: घर क्रमांक, वय, धंदा, शिक्षण, घरातली माणसं. पत्रात नाव मिळालं असेल तर थेट तिथे जा. फक्त दुकानाचं नाव असेल तर आधी दुकानदार शोधा.

दुकानदारासाठी शहर-निर्देशिका बघावी. टेलिफोनच्या यादीसारखं हे पुस्तक. त्यात रहिवाशाचं नाव, धंदा आणि पत्ता असतो, आणि सार्वजनिक वाचनालयं ते जपतात. मग गावातली जुनी वर्तमानपत्रं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात पुष्कळ वर्तमानपत्रं घरबसल्या वाचता येतात. उरलेली त्या त्या राज्याच्या संग्रहात. शोधताना रिव्हॉल्व्हर हा शब्द घालून फार हाती लागत नाही. दुकानाचं नाव, गावचा नेमबाजी क्लब, शेरीफच्या (जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या) निवडणुकीतले उमेदवार, बँकेचे पहारेकरी असे शब्द घाला. १९३७ साली ६० डॉलर मोजणारा माणूस लहान गावात फार कोणी नसणार. डॉक्टर, बँकवाला, शेरीफ, मोठा शेतकरी किंवा नेमबाजीचं वेड असलेला कोणी. वीस-पंचवीस नावांची यादी करा आणि एकेक खोडत जा.

माणूस सैन्यात असेल तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय सैनिक अभिलेखागारात अर्ज करता येतो, पण तिथे १२ जुलै १९७३ ला मोठी आग लागली. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या फायलींपैकी सुमारे ८० टक्के जळाल्या. अशा वेळी भरतीची कार्डं उपयोगी पडतात. एप्रिल १९४२ मध्ये पंचेचाळीस ते चौसष्ट वयाच्या पुरुषांचीही नोंद झाली होती आणि कार्डावर नोकरीचं ठिकाण असतं. माणूस वारल्याची तारीख कळली की काउंटीच्या (जिल्ह्याच्या) न्यायालयात त्याच्या मालमत्तेची यादी मागा. अशा यादीत ‘एक रिव्हॉल्व्हर’ एवढी ओळ सापडली तरी दिवस सार्थकी लागतो.

सरकारी शस्त्र-माग केंद्र वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला आहे आणि बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या तिथे जातात, हे ऐकून बरेच जण तिकडे लिहायला निघतात. ते केंद्र पोलीस तपासासाठी आहे, संग्राहकांना उत्तर देत नाही. तो वेळ काउंटीच्या इतिहास मंडळाला पत्र लिहिण्यात घालवा. अशा मंडळांत पिढ्यांची नावं तोंडपाठ असलेली ज्येष्ठ मंडळी स्वेच्छेने काम करतात. त्यांना आदराने, कागदावर, परतीचं पाकीट जोडून लिहा.

एक पथ्य पाळाच. हयात वारसांपर्यंत पोचलात तर आधी स्वतः कोण ते सांगा आणि विकत घ्यायचा किंवा विकायचा विषय काढू नका. त्यांच्या घरात त्या शस्त्राची आठवण सुखाची असेलच असं नाही.

गोष्ट तपासताना

दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन सेनानी जनरल पॅटन यांच्या कमरेला दोन रिव्हॉल्व्हर दिसायची, आणि लोक त्यांना मोत्याच्या शिंपल्याच्या मुठींची जोडी म्हणत. नोंदी बघितल्या की जोडी विस्कटते. एक कोल्टचं .४५ सिंगल ॲक्शन, नंबर ३३२०८८, मार्च १९१६ मध्ये टेक्ससमधल्या एल पासोच्या शेल्टन-पेन दुकानाला पाठवलेलं. पॅटन तेव्हा मेक्सिकोच्या सीमेवर होते, त्यामुळे जागा आणि वेळ दोन्ही जुळतात. दुसरं साडेतीन इंची रजिस्टर्ड मॅग्नम, १९३५ मध्ये त्यांच्या हवाईतल्या नेमणुकीच्या काळात घेतलेलं. दोघांमध्ये एकोणीस वर्षं आणि दोन कारखाने. मुठी शिंपल्याच्या नाहीत, हस्तिदंती आहेत. इतक्या प्रसिद्ध माणसाच्या, शेकडो फोटोंत दिसणाऱ्या शस्त्रांबद्दल असं होतं, तर गावच्या शेरीफच्या शस्त्राबद्दल तीन पिढ्यांत काय काय जोडलं गेलं असेल!

म्हणून गोष्टीचे तुकडे करायचे. ‘एफबीआयच्या माणसाचं’ यात तीन दावे आहेत: असा माणूस होता, तो त्या खात्यात होता, आणि हेच शस्त्र त्याचं होतं. तिघांना वेगवेगळा पुरावा लागतो. पहिले दोन खरे निघाले म्हणून तिसरा आपोआप खरा होत नाही, आणि फसगत नेमकी इथेच होते.

दुसऱ्या जातीची मर्यादित रिव्हॉल्व्हर

काही लहान आवृत्त्या कारखान्याने एखाद्या विक्रेत्यासाठी बनवलेल्या असतात. १९६१ चं कोल्ट शेरीफ्स मॉडेल सेंटेनिअल आर्म्ससाठी बनलं: ४७८ ब्लू (काळ्या-निळ्या मुलाम्याची) आणि फक्त २५ निकेल. अशा वेळी पहिला संशय निकेलवर घ्यायचा, कारण ब्लूवर निकेल चढवणं सोपं आणि किमतीतला फरक मोठा. घोडा-चाप-कडा यांची वर सांगितलेली तपासणी इथे लागू पडते, पण निर्णय कोल्टच्या अभिलेख विभागाच्या पत्रावर. १९८४ मध्ये स्मिथ अँड वेसनने लू हॉर्टन या वितरकासाठी तीन इंची नळीचं .४४ स्पेशल काढलं, सुमारे पाच हजार. अशांच्या बाबतीत खोक्याच्या कडेची चिठ्ठी आणि तिच्यावरचा उत्पादन क्रमांक हाच खरा दाखला. खोका फेकलात की अर्धं मूळ गेलं.

फार जुन्यांचं कठीण असतं. १८४७ च्या कोल्ट वॉकरची एक हजार सैन्यासाठी आणि शंभर खासगी विक्रीसाठी बनली, आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये कोल्टच्या कारखान्याला मोठी आग लागली. त्यामुळे तिथे धातूवरचे सैन्याच्या तुकडीनिहाय छाप आणि सरकारी कागद यांवरच भिस्त, आणि नकलाही उदंड. पहिल्या शोधासाठी वॉकर निवडू नका.

महाराष्ट्रात जुन्या घरात रिव्हॉल्व्हर निघालं तर ते बहुधा ब्रिटिश असतं. ‘वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी’ असं लांब नाव असेल तर १८९७ ते १९०६ या काळातलं, नुसतं ‘वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड’ असेल तर त्यानंतरचं. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे मुकुटाखालचे छाप जवळून बघा. १९०४ मध्ये ते बदलले. नळीवर किंवा वरच्या पट्टीवर ‘आर्मी अँड नेव्ही’ असं दुकानाचं नाव दिसलं तर तुमचा शोध मुंबईतून जाऊ शकतो. लंडनच्या या सहकारी संस्थेची शाखा मुंबईत होती आणि काळा घोडा भागातली तिची इमारत आजही उभी आहे. पुढे हाऊस ऑफ फ्रेझरने ती संस्था घेतली आणि तिची कागदपत्रं ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात गेली. नंबर, छापांचे फोटो आणि परवान्याची जुनी नोंद घेऊन तिथे ईमेल करावा.

बाड बांधणं

सगळं एका फायलीत ठेवा: फोटो, पत्र, जनगणनेच्या पानांच्या प्रती, पाठवलेल्या पत्रांच्या तारखा, आणि नकारात्मक उत्तरंही. अमुक ठिकाणी शोधलं, सापडलं नाही, हेही लिहून ठेवा, म्हणजे पुढचा माणूस तीच पायवाट तुडवणार नाही. प्रत्येक विधानासमोर ते कशावरून ते लिहा. एक प्रत शस्त्राजवळ, एक घराबाहेर. आम्लविरहित कागदाचं पाकीट घ्या. प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशवीत जुनी शाई कागद सोडून पिशवीला चिकटते.

माझ्या फायलीत तिसऱ्या रकान्यात ‘एफबीआय’ अजून आहे, समोर ‘आधार नाही’ असं लिहून. दुसऱ्या रकान्यात दुकानदाराचं नाव आलं आहे, १९४० च्या जनगणनेतलं त्याचं घर आलं आहे, आणि गावच्या नेमबाजी क्लबची १९३८ ची एक बातमी आहे, जिच्यात सहा नावं आहेत. त्यांतली चार खोडली. उरलेल्या दोघांसाठी काउंटीच्या इतिहास मंडळाला गेल्या महिन्यात पत्र टाकलं आहे, परतीचं पाकीट जोडून.